गाळीव पाठ आणि पुरवणी : व्हिडिओ गेमच्या इतिहासातील एक प्रश्न

ग्रंथाचा पूर्ण पाठ कोणता, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढील तीन शतकांत परक्या ओव्या शिरल्या. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील पैठण येथे एकनाथांनी त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे त्यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा आशयाची ताकीदही देऊन ठेवली. मूळ कोणते, गाळावयाचे काय आणि जोड कोणाची, हे तीन प्रश्न त्या कार्याच्या मुळाशी होते. हेच प्रश्न आज अगदी निराळ्या क्षेत्रात, व्हिडिओ गेमच्या निर्मितीत, उभे राहिले आहेत. त्यांचा पाठचिकित्सेच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम दोन संज्ञा निश्चित करू. निर्मितीच्या काळात रचलेला, परंतु विक्रीस गेलेल्या खेळात न आलेला भाग तो 'गाळीव पाठ'. मूळ खेळ विक्रीस आल्यावर निर्मात्यानेच स्वतंत्रपणे दिलेली, ग्राहकाने आपल्या यंत्रात उतरवून घ्यावयाची जोड ती 'पुरवणी'. व्यवहारात हिला डीएलसी म्हणतात. पुरवणी हा प्रक्षेप नव्हे, कारण ती मूळ कर्त्याच्याच हातची असते. ग्राहकांचा आक्षेप निराळा आहे. जी पुरवणी म्हणून विकली जाते ती वस्तुतः मूळ पाठातून कापून काढलेली असते, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप केव्हा खरा मानावा?

गाळलेला भाग बहुधा समूळ नाहीसा होत नाही. खेळाच्या आज्ञावलीतील एक भाग अनेक भागांशी जोडलेला असतो. तो उपटून काढल्यास भलतीकडेच बिघाड होण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी बंद करतात. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासत, पण पान फाडीत नसत. तसाच हा प्रकार. हरताळाखालचे अक्षर कधी कधी वाचता येते, हे २००५ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या खेळाच्या बाबतीत दिसून आले. निर्मात्यांनी वगळलेले एक शृंगारिक दृश्य त्याच्या आज्ञावलीत तसेच राहिले होते व एका हौशी जाणकाराने त्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेतील वर्गीकरण मंडळाने त्या खेळाचा दर्जा बदलून तो केवळ प्रौढांसाठी ठरविला. गाळलेला पाठही पाठाचाच भाग धरला जाऊ शकतो, असा या निर्णयाचा अर्थ झाला.

पुरवणीचा इतिहास याहून सरळ आहे. 'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७) या खेळाची 'द राइज ऑफ रोम' ही जोड १९९८ मध्ये स्वतंत्र तबकडीवर निघाली. ती विकत घ्यावयाची की नाही, हे ग्राहक दुकानात जाऊन ठरवी. 'टोटल अ‍ॅनिहिलेशन' (१९९७) या खेळासाठी नवी युद्धयंत्रे इंटरनेटवरून विनामूल्य दिली जात. एप्रिल २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळातील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकावयास निघाले, तेव्हा मोठा उपहास झाला; परंतु लहान तुकड्यांच्या विक्रीची रीत पुढे रूढ झाली.

खरा वाद २०१२ मध्ये पेटला. 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन' या खेळाच्या तबकडीवर बारा योद्धे आधीच नोंदलेले असून ते कुलूपबंद आहेत आणि त्यांचे पैसे निराळे द्यावे लागणार, असे आढळून आले. त्याच मार्च महिन्यात 'मास इफेक्ट ३' हा खेळ व त्याची 'फ्रॉम अ‍ॅशेस' ही पुरवणी एकाच दिवशी विक्रीस आली. पुरवणीतील पात्राची काही सामग्री मूळ तबकडीवरच सापडली. निर्मात्यांचा खुलासा असा, की रचना पूर्ण झाल्यापासून तपासणी, मान्यता व तबकड्यांची छपाई यांत सुमारे तीन महिने जातात आणि त्या अवधीत रचनाकार पुरवणीचे काम करतात.

हा खुलासा सर्वस्वी अग्राह्य मानता येत नाही. सामग्री तबकडीवर सापडली हा बाह्य पुरावा होय. त्यावरून ती मूळ योजनेत होती एवढेच फार तर संभवते. तो भाग रचण्याचे श्रम मूळ खेळाच्या मुदतीत झाले की नंतर, हे दुसरे प्रमाण. तो भाग काढल्याने कथेत खिंडार पडते काय, हे तिसरे व अंतर्गत प्रमाण. तिन्ही प्रमाणे एकाच दिशेने जातील तेव्हाच 'कापून विकले' हा आरोप सिद्ध झाला असे म्हणावे. कुलूपबंद बारा योद्धे पूर्णपणे रचून तबकडीवर ठेवलेले होते. तेथे आरोपास पहिल्या दोन प्रमाणांचे बळ मिळते. द्वंद्वयुद्धाच्या खेळात कथा गौण असल्याने तिसरे प्रमाण मात्र दुर्बळ राहते. 'फ्रॉम अ‍ॅशेस'चा निर्णय अधिक कठीण आहे, कारण त्यातील पात्राचा मुख्य कथानकाशी निकटचा संबंध आहे.

गाळीव पाठ व पुरवणी यांची सरमिसळ कोठवर जाते, याचे उदाहरण 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' हे होय. डिसेंबर २००४ मध्ये, नाताळच्या हंगामात, हा खेळ अपुऱ्या अवस्थेत बाहेर पडला. यंत्रमानवांचा एक संपूर्ण ग्रह त्यातून गळाला होता. पुढे चाहत्यांनी आज्ञावलीतील अवशेष जुळवून गाळलेला बराच भाग पूर्ववत केला. एकनाथांनी परक्यांची भर काढून टाकली. येथे संपादकांनी कर्त्याचेच लोपलेले परत आणले. दिशा उलट, पण वृत्ती एकच. २०२२ मध्ये हा खेळ निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी निघाला, तेव्हा पूर्ववत केलेला भाग पुरवणी म्हणून देण्याचे आश्वासन प्रकाशकाने दिले होते. जून २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले.

महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याचे आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणी जमविण्याचा प्रयत्न झाला होता. तो सफल झाला नाही. खेळाचा शेवट अचानक तुटतो, असा अभिप्राय अनेक समीक्षकांनी दिला. तथापि शेवट तुटक आहे, एवढ्यावरून काही गाळले गेले असे अनुमान करणे युक्त नव्हे; हे केवळ अंतर्गत प्रमाण झाले. २०२२ मध्ये या खेळाची सुधारित आवृत्ती निघाली व तीत हिंदी संवाद आले. भाषेच्या अभ्यासकास ही भर महत्त्वाची वाटली पाहिजे, कारण पौराणिक कथेला इंग्रजी वाणीऐवजी भारतीय वाणी मिळाल्याने संबोधने, आदरार्थी रूपे व देवतांच्या नावांचे उच्चार हे सारेच बदलते.

परंतु ही तुलना करावयाची तर दोन्ही पाठ हाताशी हवेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखिते देशभर जपली गेली होती म्हणून. संपादकांनी जे गाळले तेही तळटीपांत व परिशिष्टांत छापून ठेवले, म्हणून त्यांचा निर्णय आजही तपासता येतो. इंटरनेटवरून मिळणाऱ्या खेळाची स्थिती याच्या उलट आहे. नवी दुरुस्ती जुन्या पाठावर लिहिली जाते, आणि दुकानातून मिळणारी प्रत बहुधा शेवटचीच असते. येथे हरताळाखाली अक्षर राहत नाही.

म्हणून निर्मात्यांनी कापून विकले की नाही, या ग्राहकाच्या प्रश्नापेक्षा अभ्यासकाचे कर्तव्य अगोदर येते. हस्तलिखितांच्या सूची करण्याची परंपरा ज्या विद्यापीठीय विभागांत आहे, त्यांनी निदान भारतात निर्माण झालेल्या खेळांच्या क्रमवार आवृत्त्या, प्रत्येकीचा क्रमांक, दिनांक व संवादांची भाषा यांच्या नोंदींसह, निर्मात्यांच्या संमतीने संग्रही ठेवाव्यात. कर्ते हयात आहेत व त्यांना विचारता येते, तोवर हे काम अल्प श्रमांत होण्यासारखे आहे.