निळूभाऊंचा पाटील आणि आपण

एका कार्यकर्त्या मित्रानं सरळ विचारलं, आपल्या अंकात निळू फुलेंवर लेख कशाला? त्या माणसानं जन्मभर पाटील वठवला, सरपंच वठवला, गोरगरिबाच्या बाईवर डोळा ठेवणारा बाप्या वठवला. आपण त्याचे गोडवे गायचे का? प्रश्न रास्त आहे. दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं तर चहाच्या टपरीवरच दिलं असतं. पण उत्तराला थोडा इतिहास लागतो.

13 जुलै 2009 ला निळूभाऊ पुण्यात गेले. अन्ननलिकेचा कॅन्सर. मी तेव्हा शाळेत होतो. मला कळलं नाही ते एवढंच, की ज्या म्हाताऱ्या बाया टीव्हीवर ह्या माणसाचं तोंड दिसलं की कडाकडा बोटं मोडायच्या, त्याच बाया त्या संध्याकाळी 'चांगला मानूस गेला बया' म्हणत हळहळत होत्या. निळूभाऊ स्वतः सांगायचे, की गावाकडच्या बाया त्यांना खरोखरचा नासका पाटील समजून शिव्या देतात आणि त्या शिव्या हीच आपल्या कामाची पावती. ही पावती आमच्या वस्तीनं भरपूर फाडली. तरी हळहळ कशाची?

आमच्या सूतगिरणीत दर चार मशीनमागं एक जण निळूभाऊंची नक्कल करणारा आहे. मान जरा वाकडी, डोळे बारीक, आवाज घशातून खरवडून काढलेला. रात्रपाळीला तीनच्या सुमारास झोप अनावर झाली की कुणीतरी हा पाटील काढतो आणि सगळे हसतात. चाहते म्हणतात ते हेच. पण ह्या नकलेत पाटील राहतो आणि पाटीलकी गळून पडते. बायकांकडं बघणारा एक मजेशीर म्हातारा एवढंच शिल्लक उरतं. मला ह्याचीच चीड आहे. कारण निळूभाऊंनी पडद्यावर जो मांडला तो मजेशीर म्हातारा नव्हता, महाराष्ट्राच्या गावगाड्याचा तो चालताबोलता पुरावा होता.

आता तारखा बघा. महार वतन मोडायचं बिल बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात आणलं 1928 साली. वतनं कायद्यानं गेली 1958 च्या कायद्यानं, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. पाटलांची वंशपरंपरेची पाटीलकी गेली 1962 च्या कायद्यानं. आता गंमत अशी, की त्याच 1962 सालच्या 1 मे ला महाराष्ट्रात पंचायत राज सुरू झालं. त्याआधीच, 1950 च्या सुमारास, प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, मग ठिकठिकाणी राहिले. म्हणजे दप्तर गेलं पण माणूस गेला नाही. काल जो पाटील होता तो आज सरपंच झाला, परवा झेडपीत गेला, तेरवा कारखान्याचा चेअरमन. पागोटं उतरलं, पांढरी टोपी आली. घोडी गेली, जीप आली. येसकराची काठी तेवढी होती तिथंच राहिली.

निळूभाऊ सिनेमात आले 1968 साली, अनंत मानेंच्या 'एक गाव बारा भानगडी'त. म्हणजे बरोबर ह्या संधीवर. पाटील कपडे बदलत असताना त्याच्यासमोर जणू आरसा घेऊन हा माणूस उभा राहिला. पुढची कितीतरी वर्षं वाड्यातला पाटील, पंचायतीतला सरपंच, कारखान्यातला साहेब अशी त्याची सगळी रूपं त्यांनी एकाच अंगावर वागवली. आपल्या विद्यापीठातल्या विद्वानांनी ह्या बदलावर जाड जाड प्रबंध लिहिले असतील. आमच्या आजीनं ते वाचले नाहीत. तिला ह्या माणसानं दाखवलं.

हे जमलं कसं? एक तर तो माणूस वाड्यातला नव्हता. निळूभाऊ पुण्याच्या मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे. ऐंशी रुपये पगार, त्यातले दहा राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. माळ्याचं काय असतं, साहेब त्याच्यासमोरून जातो पण त्याला बघत नाही. माळी मात्र साहेबाला रोज बघतो. चाल कशी, हात मागं कसे बांधतो, समोरच्याला उभं कसं ठेवतो. जो खाली वाकून काम करतो त्याला वरच्याचं अंग पाठ असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरं म्हणजे ते आले लोकनाट्यातून. सेवा दलाच्या कलापथकातून 'कथा अकलेच्या कांद्याची' पर्यंत. इथं जरा थांबून हिशेब करायला पाहिजे. तमाशा कुणाचा? महारामांगांचा, कोल्हाट्यांचा. तो ओवळा म्हणून पांढरपेशांनी नाकाला पदर लावला. सत्यशोधकांनी त्याच तमाशातला गण-गौळणीचा देव काढून जलसा केला, भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा करून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. पुढं तेच अंग धुऊनपुसून 'लोकनाट्य' म्हणून थिएटरात आलं, तिकीट लागलं. निळूभाऊंच्या अभिनयातलं जे सहज बोलणं आहे, जो वेळेचा ताल आहे, तो आपल्या बापजाद्यांच्या फडातला आहे. श्रेय देताना ते फड कुणाच्या ध्यानात आले नाहीत, हा दोष निळूभाऊंचा नाही.

आणि तिसरं, आवाज. माझी आजी म्हणायची, खरा पाटील वरडत नसायचा. वरडायला त्याची मानसं होती. तो हळू आवाजात इचारायचा, 'पोरगं साळंत जातं म्हनं?' एवढं इचारलं की आमी दोन दिस जेवत नव्हतो. निळूभाऊंचा पाटील असा हळू बोलतो. बाकीचे व्हिलन टेबल आपटायचे, हा सुपारी कातरल्यागत बोलायचा. सत्ता ज्याच्या हातात पक्की आहे त्याला घसा फाडायचं कारण नसतं. ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली ठाऊक नाही, पण ज्यांनी ती भोगली त्यांनी ती ओळखली. बाया बोटं मोडायच्या त्या नटावर नव्हे, ओळख पटली म्हणून.

आता 'सामना'. 1974-75 चा सिनेमा, जब्बार पटेलांचा, लिहिलाय विजय तेंडुलकरांनी. बर्लिनच्या महोत्सवात 1975 साली गेला. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी. गावात येतो एक दारुडा मास्तर, श्रीराम लागू. हिंदुराव त्याला ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. आणि मास्तर एकच विचारत राहतो, की मारुती कांबळेचं पुढं झालं काय. दोस्तहो, ते आडनाव पुन्हा वाचा. आमच्या भागात कांबळे म्हटलं की घर गावाच्या कुठल्या अंगाला हे विचारावं लागत नाही. त्या सिनेमाचं कौतुक करणाऱ्यांनी लागू-फुले जुगलबंदीवर रकाने भरले, सत्तेच्या स्वरूपावर भरले. आडनावाशी मात्र फार कुणी थांबलं नाही. कांबळे म्हणजे जणू कुणीही एक.

कुणीही एक नव्हता. 1972 साली पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात आपल्या सगळ्या वस्तीवर गावानं बहिष्कार टाकला. त्याच साली परभणीकडच्या ब्राह्मणगावात आपल्या बायांची विटंबना झाली. त्याच साली पँथर जन्माला आली. आणि 'सामना' ज्या काळात बनत होता त्याच 1974 साली अकोला जिल्ह्यातल्या ढाकळीत गवई बंधूंचे डोळे काढले. जमीनदाराच्या पोरानं पोरीला फसवलं, बापानं जाब विचारला, एवढाच गुन्हा. सिनेमात प्रश्न विचारणारा बाहेरून आलेला मास्तर आहे. रस्त्यावर तोच प्रश्न पँथरची विशीतली पोरं विचारत होती, लाठ्या खात होती. हा फरक मी विसरणार नाही. पण हिंदुरावच्या तोंडावरचं ते पाणी, पाहुणचार करता करता आतून सुटत जाणारा तो धीर, हे निळूभाऊंनी असं दाखवलंय की हा माणूस पाडता येतो ही खात्री होते. पाटलाला घाबरलेला बघायला मिळणं ही काय चीज आहे ते ज्याची पाठ सोललीय त्यालाच विचारा.

टीका करायची तर ढीगभर आहे. ग्रामीण म्हणून निघालेल्या बहुतेक पटांत पाटलाचं पाप म्हणजे बाई आणि बाटली. जमीन नाही, पाणवठा नाही, मजुरी नाही. शेवटच्या रिळात दुसरा एखादा चांगला पाटील येऊन वाईट पाटलाला बडवतो आणि गाव सुखी होतं. आपला माणूस कोपऱ्यात घोंगडी घेऊन जोहार घालायला उभा. असले सिनेमे निळूभाऊंनीही केले, पोटासाठी केले. चांगलं काम मिळालं तिथं त्यांनी सोनं केलं. 'सखाराम बाईंडर' 1972 चं, जन्मानं ब्राह्मण असलेला तो सखाराम माळीकाम केलेल्या माणसानं उभा केला आणि सेन्सॉरवाल्यांची झोप उडवली. 1979 च्या 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू तर त्यांच्या पाटलाच्या अगदी उलट टोकाचा, सत्ता बघून बघून पार पिचलेला. 1984 ला 'सारांश'मध्ये तोच सत्तेचा माज हिंदीत गेला.

पडद्याबाहेर हा माणूस अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात दाभोलकरांसोबत राहिला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर नाटकं केली, पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या चुलीसाठी पैसा उभा केला. नाव झाल्यावर चळवळीचा पत्ता विसरणारे आपल्यातही कमी नाहीत, म्हणून हे लिहितो.

नागराज मंजुळेंच्या 'सैराट'नं 2016 साली तोच पाटील पुन्हा पडद्यावर आणला. ह्या वेळी गोष्ट सांगणारा गावकुसाबाहेरचा होता. त्याच्या दोन वर्षं आधी, 2014 च्या एप्रिलमध्ये, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे ह्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं होतं. 2017 साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले.

विहारात येत्या रविवारी रात्री आठ वाजता भिंतीवर 'सामना' लावतोय. पडदा म्हणून धुतलेली चादर चालेल, ज्याच्याकडं स्पीकर आहे त्यानं आणावा. सिनेमा संपल्यावर भाषण नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवायचं आणि आपापल्या गावच्या पाटलाबद्दल बोलतं करायचं: नाव, साल, जमीन किती, काय केलं, पुढं कुठल्या खुर्चीत बसला. वही-पेन प्रत्येकानं घेऊन यावं. जे लिहून निघेल ते पुढच्या अंकात घेऊ.