कोराट (मांजर)

कोराट ही मूळ थायलंडमधील पाळीव मांजरांची एक दुर्मीळ जात आहे. रुपेरी झाक असलेला निळसर राखाडी रंग आणि मोठे हिरवे डोळे ही तिची ओळख होय. मांजरपालनाच्या परिभाषेत या रंगाला ‘निळा’ म्हणतात. कोराटमध्ये हा एकच रंग मान्य आहे. ज्या आनुवंशिक नियमामुळे हा रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो, त्याच नियमामुळे या जातीत एक प्राणघातक विकारही नकळत पुढे जाऊ शकतो.

नाव

ईशान्य थायलंडमधील नाखोन रात्चासिमा प्रांताचे रूढ नाव कोराट असून त्यावरून या जातीला हे नाव मिळाले. प्रांताच्या अधिकृत नावात ‘नगर’, ‘राज’ आणि ‘सीमा’ हे संस्कृत शब्द आहेत. थाई भाषेत या मांजराला ‘सी सवात’ असेही म्हणतात. ‘सी’ म्हणजे रंग, तर ‘सवात’ म्हणजे महाराष्ट्रात सागरगोटा या नावाने परिचित असलेली काटेरी वेल. तिच्या करड्या बियांच्या रंगावरून हे नाव पडले.

इतिहास

‘तम्रा माएव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थाई सचित्र हस्तलिखितांत शुभ व अशुभ मांजरांची वर्णने आढळतात. त्यांत निळसर राखाडी मांजराची गणना शुभ मांजरांत केली आहे. नववधूला या मांजरांची जोडी भेट देण्याची प्रथा होती. पाऊस लांबल्यास मांजराची मिरवणूक काढून त्याच्यावर पाणी शिंपडण्याचा लोकविधीही ईशान्य थायलंडमध्ये प्रचलित आहे.

१९५९ साली जीन जॉन्सन यांच्याकडे ‘नारा’ आणि ‘दारा’ ही जोडी थायलंडहून अमेरिकेत पोहोचली. तेथील कोराटच्या पैदाशीची सुरुवात या जोडीपासून झाली. १९६६ मध्ये अमेरिकेतील ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ने या जातीला मान्यता दिली.

वर्णन

कोराट मध्यम आकाराचे, पण पिळदार शरीराचे असते. समोरून पाहिल्यास चेहरा बदामाच्या आकाराचा दिसतो. केस आखूड, तुळतुळीत आणि एकपदरी असतात. ‘रशियन ब्लू’ या दुसऱ्या निळ्या जातीत मात्र ते दुपदरी असतात. प्रत्येक केस मुळाशी फिकट, पुढे गडद आणि टोकाशी रुपेरी असतो. पिल्लांचे डोळे आधी निळे, नंतर पिवळसर होतात. त्यांना पूर्ण हिरवा रंग येण्यास दोन ते चार वर्षे लागतात.

रंगाची आनुवंशिकता

निळा रंग हा वस्तुतः काळ्या रंगाचेच सौम्य रूप आहे. एका जनुकातील बदलामुळे काळ्या रंगद्रव्याचे कण केसात समप्रमाणात न पसरता त्यांचे पुंजके होतात आणि केस राखाडी दिसतो. हा बदल अप्रभावी आहे. म्हणजे तो आई व वडील या दोघांकडून मिळाला तरच रंग प्रकट होतो. त्यामुळे दोन कोराटांच्या पिल्लांत काळा रंग येत नाही. मात्र काही कोराटांत इतर रंगांची अप्रभावी जनुकेही दडलेली असतात. अशा दोन मांजरांच्या संकरातून क्वचित फिकट जांभळट छटेची किंवा सयामी मांजरासारखी केवळ चेहरा, कान, पाय व शेपटी गडद असलेली पिल्ले जन्मतात. त्यांची कोराट म्हणून नोंद होत नाही.

आरोग्य

कोराटमध्ये ‘गँग्लिओसिडोसिस’ या विकाराचे दोन प्रकार आढळतात. विशिष्ट विकराच्या अभावी चेतापेशींत मेदयुक्त पदार्थ साचत जातो. पिल्लू काही महिन्यांचे असतानाच त्याला कंप सुटतो, चालताना तोल जातो आणि पुढे मृत्यू ओढवतो. या विकारावर खात्रीचा उपचार नाही.

हा विकारही अप्रभावी आहे. त्यामुळे वाहक मांजर पूर्णपणे निरोगी दिसते. परंतु दोन वाहकांच्या संकरात प्रत्येक पिल्लू बाधित होण्याची शक्यता २५ टक्के, तर वाहक होण्याची ५० टक्के असते. दोन्ही प्रकारांसाठी डीएनए चाचणी उपलब्ध असून गालाच्या आतील पेशींच्या नमुन्यावरून ती करता येते. सर्व वाहक पैदाशीतून एकदम वगळल्यास आधीच लहान असलेल्या या जातीतील आनुवंशिक विविधता आणखी घटते. म्हणून वाहकाचा संकर केवळ दोषमुक्त मांजराशी करून त्यांच्या पिल्लांपैकी दोषमुक्त पिल्ले पुढील पैदाशीसाठी निवडणे, हा मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो.