पहिल्या प्रयोगाचे पैसे

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझी शेवटची गाठ दहावीच्या पेपरात पडली. तरीही आज मी तुमच्याशी वैद्यकीय संशोधनाबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण आमच्या रावेरची एक मुलगी आहे.

शेजारच्या केळी लावणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, पुढे पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय घेतला सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या सिकलसेलचा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही. आणि तो आईबापांकडून मुलांत उतरतो. मुलीची फेलोशिप मंजूर झाली. मंजुरीचं पत्र आलं, गल्लीत पेढे वाटले गेले. पैसे मात्र आले नाहीत. पालच्या पुढच्या पाड्यांवर जायचं म्हणजे गाडीभाडं, तपासणीचं साहित्य, सोबतीला माणूस. वर्षभर बापाने केळीच्या पैशातून ते भागवलं. त्याच साली वादळात बाग आडवी झाली आणि मुलीने एका खासगी क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली. मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘काका, पैसे आज ना उद्या येतील हो. पण माझं ते वर्ष गेलं ते गेलं.’’

कवीला दुसरं काय येतं? मी वाचायला लागलो. आपल्याकडे आजारांवर संशोधन करणाऱ्या तरुण माणसांना पहिले पैसे कोणी दिले, हे शोधत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

माझी दादी सांगायची की, तिच्या आईच्या काळात घरात उंदीर मरून पडला की माणसं भांडीकुंडी उचलून मळ्यात झोपडी बांधत. तो प्लेगचा काळ. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत शिरला आणि पुढे रेल्वेच्या वाटेने, माणसांच्या गाठोड्यांतून गावोगाव पसरला. त्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन नावाचा ३६ वर्षांचा शास्त्रज्ञ मुंबईत उतरला. तो ओडेसाचा ज्यू. आपल्या देशात धर्म आडवा आला म्हणून त्याला प्राध्यापकी मिळाली नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला, तर तिथेही संशोधकाची जागा रिकामी नव्हती. सुरुवात केली ती सहायक ग्रंथपाल म्हणून. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. त्यातूनच १८९२ मध्ये पटकीची लस तयार झाली आणि ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली.

मुंबईत सरकारने त्याला काय दिलं? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी आपणहून पुढे आले त्यांच्यावर तिचा प्रयोग झाला. ज्यांना लस टोचली होती त्यांच्यात रोगही कमी झाला आणि मरणंही कमी झाली.

पण लस एकाला पुरेल एवढी करणं वेगळं आणि हजारोंना पुरेल एवढी करणं वेगळं. त्याला जागा हवी होती. त्या वेळी पुढे आले तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह. वय जेमतेम विशीचं! त्यांनी आपला खुश्रू लॉज हा प्रशस्त बंगला हाफकिनच्या हवाली केला. लसीबद्दल शहरात नाना वावड्या उठल्या होत्या, म्हणून त्यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हजारो इस्माइली अनुयायांना टोचून घ्यायला लावली. सरकारची पूर्ण खात्री पटेपर्यंतचा मधला काळ या बंगल्याने निभावून नेला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सरकारी प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ पासून आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो.

या हकिकतीत मला महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ. काम सिद्ध झालेलं नाही, म्हणून सरकार थांबलेलं आहे. आणि पैसे नाहीत, म्हणून काम सिद्ध होत नाही. हा पेच कोणीतरी बाहेरून येऊन सोडवावा लागतो.

सरकारलाही हे हळूहळू उमगलं असावं. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था निघाली. वैद्यकीय संशोधनाला पैसे पुरवायचे, हेच तिचं काम. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी भरली, आणि भरली कुठे, तर मुंबईच्या त्याच प्लेग प्रयोगशाळेत! हीच संस्था १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आपली आयसीएमआर झाली. करोनाच्या दिवसांत हे नाव घरोघरी पोचलं. तिचं पाळणाघर परळला होतं, हे किती जणांना ठाऊक असेल?

पण फंड निघाला म्हणून चिंता मिटली, असं नाही. १९१८ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी या फंडाच्या आधाराने आहार आणि रोग यांचा अभ्यास एका खोलीत सुरू केला होता. १९२३ मध्ये सरकारी काटकसरीची कुऱ्हाड चालली आणि ते काम बंद पडलं. दोन वर्षांनी पुन्हा सुरू झालं. पुढे हीच प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. सरकारच्या हिशेबात दोन वर्षं म्हणजे एक ओळ. ज्याच्या उमेदीतली ती दोन वर्षं असतील, त्याच्या हिशेबात ती किती मोठी!

आता दोन कमलांची गोष्ट सांगतो. पहिली कमला भागवत. मराठी वाचकांना ओळख पटावी म्हणून सांगतो, दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ही मुलगी गांधींच्या काळातली. तिने सरळ सत्याग्रहाची भाषा केली. अखेर वर्षभर काम पाहू आणि मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर तिने असं काम केलं की, पुढे त्या संस्थेत मुलींसाठी दार उघडलं.

केंब्रिजला जायचं, तर पैसे हवेत. ते मिळाले मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांतून. त्यातली एक सर मंगलदास नथुभाई यांच्या नावाची होती. मुंबईचे हे गुजराती व्यापारी १८९० मध्ये वारले. त्यांच्या दानावर कधी एखादी मराठी मुलगी केंब्रिजला जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. तिथे तिने बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं की, ‘सायटोक्रोम सी’ हा पेशींच्या श्वसनातला घटक वनस्पतींतही असतो. १९३९ मध्ये ती डॉक्टरेट घेऊन परतली. त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत तिने काम केलं. लग्नानंतर कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत तिने नीरेचा अभ्यास केला आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना नीरा कशी उपयोगी पडते, हे दाखवलं. १९९८ मध्ये आयसीएमआरने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. सत्काराला पोचायला इतका उशीर होऊ नये, एवढंच मनात येतं.

दुसरी कमल, कमल समर्थ. जन्म १९१७, पुणे. तिच्या गोष्टीची सुरुवात मात्र एका मृत्यूपासून होते. १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ न्यास काढला. त्याच्या उत्पन्नाचे चार हिस्से जगभरातल्या रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला आणि पाचवा हिस्सा भारतातल्या संशोधनाला, अशी वाटणी झाली. दोराबजीही त्याच वर्षी गेले. त्यांच्या संपत्तीतून निघालेल्या दुसऱ्या न्यासाने १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली ही पुण्याची मुलगी, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, संशोधन करू लागली आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट झाली. मग शिष्यवृत्ती मिळवून ती अमेरिकेत बाल्टिमोरला गेली आणि शरीरातल्या पेशी काचेच्या भांड्यात जगवण्याची, वाढवण्याची विद्या शिकून आली. परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात तिने देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली.

‘टिश्यू कल्चर’ हा शब्द आज रावेरच्या शेतमजुरालाही ठाऊक आहे. आमच्या केळीची रोपं तशीच येतात ना! केळीच्या पेशी वेगळ्या, कर्करोगाच्या वेगळ्या. पण ज्या काळात ही विद्या देशात पाय रोवत होती, त्या काळात एका तरुण बाईच्या शिष्यवृत्तीने काय साधलं, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्यात धमक असते त्याला पैसे लागत नाहीत. डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरणही देईल. उदाहरण खरंच मोठं आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा गरीब घरातला मुलगा, पडेल ते काम करत डॉक्टर झाला. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागला. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं डोळ्यांदेखत मरत. दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत, फुप्फुसात पाणी भरे. बावस्करांनी एकेका रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून टिपणं काढली. १९८२ मध्ये ती टिपणं लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून पाहिली. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभरांपैकी चाळीसच्या आसपास दगावत. आता एखादा दगावतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या केळीच्या बागेत पालापाचोळा उचलणाऱ्या बाईलाही या गोळीने आधार दिला आहे.

बावस्करांच्या मागे प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हतं. होता तो पगार, आणि खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनीताई. म्हणून मी त्यांच्यापुढे हात जोडतो. पण या उदाहरणातून पैसे लागत नाहीत असा अर्थ काढणं मला पटत नाही. जो निभावून गेला त्याचं नाव आपल्याला कळलं. ज्याची वही दवाखान्याच्या कपाटात धूळ खात राहिली, त्याचं नाव कोणाला कळणार? एक बावस्कर तरले म्हणून बाकीच्यांना पुरात ढकलायचं नसतं.

आज वाटा पूर्वीपेक्षा अधिक आहेत, हे मान्यच आहे. १९७९ पासून आयसीएमआर वैद्यकीय विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. २००८ मध्ये केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून तरुण संशोधकांसाठी फेलोशिपा सुरू केल्या. २०१८ मध्ये जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, धुळ्याला आधीपासून आहेच. सिकलसेलचं म्हणाल, तर १ जुलै २०२३ रोजी केंद्राने त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशात शहडोलला सुरू केलं. मुदत २०४७ ची. म्हणजे आमच्या मुलीचा विषय चुकीचा नव्हता. पण २०२०-२१ मध्ये आपला देश सगळ्या संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांतले ६४ पैसे खर्च करत होता. आणि त्या ६४ पैशांतला जो काही अंश खेड्यातल्या मुलीच्या वाट्याला यायचा, तोही वेळेवर यावा लागतो.

केळी लावणारा माणूस हे जाणतो. सुरुवातीच्या महिन्यांत रोपाला पाणी चुकलं, तर पुढे कितीही खत घाला, घड मनासारखा भरत नाही. आमच्याकडे उचल नावाची जुनी रीत आहे. माल कापायचा असतो, रक्कम पुढे मिळणार असते. पण घर चालावं, मजुरी भागावी म्हणून आधी काही पैसे हाती येतात. केळीला उचल मिळते, तर विद्येला का मिळू नये? ज्या मुलामुलींच्या फेलोशिपा मंजूर झाल्यात आणि पैसे अडलेत, त्यांना तालुक्यातल्या पतपेढ्यांनी, दात्यांनी, मशिदी-मंदिरांच्या मंडळांनी मिळून वर्षभराची उचल द्यावी. मंजुरीचं पत्र दाखवावं, पैसे न्यावेत, हप्ता आला की फेडावेत. आगाखानांसारखा बंगला आपल्याकडे नसेल, पण पाड्यापर्यंतचं गाडीभाडं नक्की आहे. हप्ते वेळेवर देणं हे सरकारचं काम आहे आणि ते आपण मागत राहायलाच हवं. तोवर मधला काळ निभावणं आपल्या हातात आहे.

ती मुलगी अजून क्लासमध्ये शिकवते. परवा तिच्या घरी गेलो होतो. कपाटावर तिच्या वह्या रचून ठेवल्या आहेत, पाड्यापाड्याची नावं घालून. तिची आई म्हणाली, ‘‘भाऊ, रद्दीवाला दोनदा विचारून गेला, पण ती हात लावू देत नाही.’’

मला वाटतं, अजून वेळ गेलेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)