औंढ्याची वेधशाळा आणि आज्ञावल्यांचे खुले भांडार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः, तर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे यंत्र उभे राहण्यास अवधी लागेल. अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांची प्रसिद्ध झालेली निरीक्षणे आणि ती तपासण्याच्या अनेक आज्ञावल्या मात्र महाजालावर सर्वांना खुल्या आहेत. औंढ्यातील शिक्षकालाही त्या पाहता येतील. अडते ते भांडाराच्या दाराशी.

या आज्ञावल्या ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवल्या जातात. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ती रचली. कोणत्या ओळीत कोणी, केव्हा बदल केला याची नोंद तीत राहते. सातबाऱ्यावरील फेरफार ठाऊक असलेल्याला ही कल्पना नवी वाटू नये. मात्र प्रणाली प्रोग्रामरांसाठी रचलेली. त्यामुळे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करा, सांकेतिक किल्ल्यांची जोडी तयार करा, अशा सूचना पाहूनच नवखा माणूस माघारी फिरतो. वास्तविक हा खटाटोप भांडारात भर घालणाऱ्यासाठी आहे, केवळ वाचणाऱ्यासाठी नव्हे, आणि नेमके तेच सहसा सांगितले जात नाही.

‘गिटहब’वरील खुले भांडार ब्राउझरमध्ये खाते न उघडता वाचता येते, ‘कोड’ या कळीखालील पर्यायातून ते झिप स्वरूपात उतरवूनही घेता येते. निरीक्षणांच्या अवजड फायली तेथे शोधू नयेत. त्या ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’च्या संकेतस्थळावर आहेत. या केंद्राच्या कार्यशाळांचे इंग्रजी पाठ गूगलच्या ‘कोलॅब’मध्ये, संगणकावर काहीही न बसवता चालतात, गूगल खाते तेवढे लागते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीचा आलेख अशा रीतीने वर्गातही काढता येतो. जेमतेम ०.२ सेकंदांचा तो संकेत ३५ पासून सुमारे २५० हर्ट्झपर्यंत चढत जातो, म्हणजे ध्वनीत रूपांतर केल्यास कानांनी ऐकता येतो!

पाठातील आकडे बदलून पाहताना मूळ भांडार बिघडण्याची भीती नाही. केलेले बदल टिकवायचे असल्यास मात्र आपली प्रत ‘ड्राइव्ह’मध्ये जतन करावी लागते.