रोगी अचानक बिघडत नाही

न्यू जर्सीतील एडिसन येथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. तेथील जॉन एफ. केनेडी हॉस्पिटल १९६७ साली सुरू झाले. त्या काळी कोठल्याही हॉस्पिटलात सर्वसाधारण रीत एकच होती. नर्सने ताप, नाडी, रक्तदाब तक्त्यावर लिहावा आणि शिकाऊ डॉक्टरला कळवावे. त्याने वरिष्ठांना विचारावे. हृदय बंद पडले म्हणजे मात्र सर्वांची धावपळ होई.

१९९० साली मायामी येथे अशा ६४ रोग्यांचे कागद तपासण्यात आले. त्यांपैकी शेकडा ८४ जणांच्या प्रकृतीत बिघाड झाल्याची नोंद आधीच्या आठ तासांत झालेली होती. म्हणजे तक्त्याला कळले होते, पण माणसे वेळेवर हलली नव्हती.

त्याच वर्षी सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलने निराळी वाट काढली. श्वास किंवा नाडी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, अथवा नर्सला नुसती काळजी वाटली, तरी तिने तातडीच्या पथकाला थेट बोलवावे, असे ठरले. पुढे इंग्लंडात १९९७ साली या नोंदींना गुण देण्याची पद्धत निघाली. तेथे २०१२ पासून वापरात असलेल्या तक्त्यात श्वास मिनिटाला २५ किंवा अधिक झाला की तीन गुण पडतात. अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या एक लाख प्राण वाचविण्याच्या मोहिमेने अशी पथके गावोगावच्या हॉस्पिटलांत पोहोचविली.

परंतु पथक असले म्हणजे काम झाले, असे नाही. ऑस्ट्रेलियातील २३ हॉस्पिटलांच्या पाहणीत, २००५ साली, स्पष्ट फायदा दिसला नाही. खुणा दिसत असूनही पुष्कळदा पथकाला बोलावलेच गेले नव्हते. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या शेडीसाइड हॉस्पिटलने पथकाला बोलावण्याचा हक्क रोग्याच्या घरच्यांनाही दिला.

मृत्यूनंतर मागे वळून पाहावे, हा विचार आपल्या समाजाला नवा नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईतील बाळंतपणातील मृत्यूंच्या कारणांची चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ साली निघाला.

आपली वडीलधारी मंडळी "नर्सबाईंना कशाला त्रास?" म्हणून गप्प राहतात, हे आम्ही घरोघरी पाहतो. हा संकोच परदेशात महाग पडतो. दम लागणे, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी होणे, अंग गार पडणे यांतले काही नव्याने दिसले तर लगेच सांगावे. "आई रोज अशी नसते" एवढे वाक्य पुरे आहे. ऐकले गेले नाही, तर मुख्य नर्सला बोलवा आणि तातडीचे पथक मागा. सरकारी मदत घेणाऱ्या अमेरिकन हॉस्पिटलांना इंग्रजी न येणाऱ्या रोग्यासाठी फुकट दुभाषी द्यावा लागतो, मराठीचा मागावा. रोग्याला दाखल करतानाच, येथे घरच्यांना पथक बोलावता येते काय, हे विचारून ठेवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.