मांडणी: डोळ्यासाठी की हातासाठी?

कामाची जागा नीट ठेवणे म्हणजे काय, यावर हल्ली जवळजवळ एकमत झालेले दिसते. एकसारखे पारदर्शक डबे, प्रत्येकावर छापील चिठ्ठी, वस्तू वर्णक्रमाने किंवा लहानमोठ्या मापाने, आणि टेबल रिकामे. पाहणाऱ्याला जे व्यवस्थित दिसते तेच व्यवस्थित, हा या मताचा इत्यर्थ. त्यात तथ्य नाही असे नाही. नवख्याला चिठ्ठी वाचून वस्तू सापडते. पण रोज तीच हत्यारे हाताळणाऱ्याला हा नियम लावला, की कामाचा खोळंबा होतो.

पुरावा शिशाचे खिळे जुळवून छपाई करणाऱ्या जुन्या छापखान्यात सापडतो. इंग्रजी मजकुराचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणाखणांच्या पेटीत, स्मॉल अक्षरे ए-बी-सी-डी अशा ओळीने कधीच नसत. सर्वांत मोठा खण 'ई'चा, आणि तोही अगदी हाताखाली, कारण इंग्रजीत तेच अक्षर सर्वाधिक लागते. भरपूर लागणारी इतर अक्षरे त्याच्या आसपास. क्यू, झेड, एक्स कडेच्या लहान खणांत. परक्याला ही अनागोंदी वाटेल. जुळाऱ्याचा हात मात्र नजर मजकुरावर असतानाच नेमक्या खणात जाई.

कॅपिटल अक्षरे तेवढी वर्णक्रमाने लावत, कारण ती कमी लागत. तिथेही जुन्या केसमध्ये जे आणि यू यांची जागा झेडनंतर. आय आणि व्ही यांच्यापासून ही दोन अक्षरे वेगळी मानली गेली ती उशिरा. तोवर खण ठरून गेले होते. दोन अक्षरांपायी हाताला बसलेले वळण कोण मोडणार? वर्णक्रम बिघडला, काम बिघडले नाही.

देवनागरीत तर अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार मिळून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. ती घटवण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही खटाटोप केला. आधी पसारा कमी करावा, मग खणांचा विचार करावा, हा क्रम त्यातून उमगतो. आपण आधी डबे विकत आणतो.

यावर आक्षेप येईल की, हा गबाळेपणाचाच कैवार झाला. मुळीच नाही. छपाई उरकली की प्रत्येक खिळा त्याच्याच खणात परत टाकावा लागे. 'ब'च्या खणात चुकून 'व' पडला, तर पुढच्या कामात 'बाट' ऐवजी 'वाट' जुळलीच म्हणून समजा. मुद्राराक्षसाच्या माथी मारलेल्या कित्येक चुका अशा चुकीच्या खणातून आलेल्या असत. शिस्त कडकच होती, पण ती वस्तू जागेवर परत ठेवण्याची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जागा चौघांची असेल तर एकाच्या हाताची सोय इतरांनी का सोसावी? पण केसही एकाची नसे. रचना ठरलेली असे, शिकाऊ मुलगा ती पाठ करी, आणि मग कोणत्याही केससमोर उभा राहून काम करी. सामायिक जागेला हवा असतो तो सर्वांना ठाऊक असलेला ठरलेला ठिकाणा. तो वर्णक्रमानेच ठरावा असे काही नाही.

तेव्हा डबे आणि चिठ्ठ्या आणण्याआधी आठवडाभर पाहा, हात कशाकडे किती वेळा जातो. जे सारखे लागते ते हाताशी ठेवा, क्वचित लागते ते कडेला, आणि लागतच नाही ते बाहेर काढा. चिठ्ठ्या त्यानंतर लावा.