झाशीचा उन्हाळा आणि रागसंगीताची दिनचर्या

बुंदेलखंडातील खडकाळ प्रदेशात वसलेल्या झाशी शहराचा उन्हाळा अत्यंत कडक असतो. २८ मे २०२४ रोजी येथे ४९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा दिवसांत दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात जाणे टाळावे, असा सल्ला आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा देतात. घरात काढाव्या लागणाऱ्या या तासांना खऱ्या विश्रांतीचे रूप देण्यासाठी शास्त्रीय संगीताचा उपयोग होऊ शकतो. मात्र संगीत हे उष्णतेवरील औषध नव्हे. त्याने शरीराचे तापमान उतरत नाही. मन शांत होण्यास, झोप लागण्यास आणि विश्रांतीची वेळ पाळण्यास साहाय्य होते. हा भेद ध्यानात ठेवणे उन्हाळ्यात महत्त्वाचे ठरते.

परंपरेचा वारसा

झाशी आणि मराठी समाज यांचा संबंध पेशवेकाळापासूनचा आहे. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव नेवाळकर हे नाट्यकलेचे रसिक होते. त्यांच्या नाटकशाळेचा उल्लेख विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात आढळतो. शेजारच्या दतिया संस्थानात कुदऊसिंह यांच्यासारखे थोर पखवाजवादक होऊन गेले. झाशीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले ग्वाल्हेर हे तर ख्यालगायकीचे माहेरघर मानले जाते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी तिचा देशभर प्रसार केला. त्यामुळे मराठी घरांत ऐकल्या जाणाऱ्या ख्यालाचे एक मूळ याच उष्ण प्रदेशात आहे.

प्रहर, ऋतू आणि राग

हिंदुस्थानी संगीतात दिवस व रात्र मिळून आठ प्रहर मानले जातात आणि बहुतेक रागांना गायनाची वेळ ठरवून दिलेली असते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी या समयसिद्धांताची पद्धतशीर मांडणी केली. पहाटे भैरव, सकाळी तोडी, तिसऱ्या प्रहरी भीमपलासी, सूर्यास्ताच्या सुमारास मारवा किंवा पूरिया, रात्रीच्या पहिल्या प्रहरी यमन आणि उत्तररात्री मालकंस असा हा क्रम आहे.

भर दुपार ही सारंग कुळातील रागांची वेळ होय. वृंदावनी सारंगात गंधार व धैवत हे स्वर वर्ज्य असतात. आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल निषाद येतो. शुद्ध सारंगात दोन्ही मध्यमांचा वापर होतो. जुन्या राग-रागिणी पद्धतीत मात्र ग्रीष्म ऋतूसाठी दीपक राग सांगितलेला आहे. दीपक गाताना तानसेनाच्या अंगाचा दाह झाला व मेघ रागाने तो शमला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

संशोधन काय सांगते

विशिष्ट रागामुळे उष्म्याचा त्रास दूर होतो, या समजुतीला भक्कम वैद्यकीय आधार नाही. संगीताच्या लयीचा परिणाम मात्र तपासला गेला आहे. २००६ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चोवीस व्यक्तींना सहा प्रकारचे संगीत ऐकवण्यात आले. त्यात भारतीय रागसंगीताचाही समावेश होता. द्रुत लयीत श्वासाची गती व हृदयाचे ठोके वाढले. संगीतप्रकारापेक्षा लयीचा प्रभाव अधिक दिसला आणि मध्ये दिलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत ठोके व रक्तदाब सर्वांत कमी झाले. निद्रानाशाविषयी कोक्रेन संस्थेने २०२२ मध्ये तेरा चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत एकूण १,००७ प्रौढांचा समावेश होता. रोज संगीत ऐकल्याने झोपेची प्रत सुधारू शकते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. उकाड्याने झोपमोड होणाऱ्यांसाठी ही बाब उपयुक्त आहे.

दिनक्रम कसा असावा

- पहाटे हवा तुलनेने थंड असताना बाहेरची कामे व व्यायाम उरकावा. त्यानंतर भैरव किंवा तोडीची आलापी ऐकावी.
- दुपारी खिडक्या झाकून, शक्य असल्यास वाळ्याचे पडदे लावून, अर्धा तास सारंगातील विलंबित ख्याल अथवा सतार-सरोदाची आलापी ऐकावी. द्रुत लय व झाला या वेळी टाळावा. रचना संपल्यावर काही मिनिटे शांत पडून राहावे.
- ऐकण्यापूर्वी व नंतर पाणी, ताक किंवा पन्हे घ्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये.
- रात्री झोपण्यापूर्वी बागेश्रीसारखा राग मंद आवाजात ऐकावा. वाद्य आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी.

आकाशवाणीची ‘रागम’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. रागाची वेळ न जुळल्यास अपाय होतो असे मुळीच नाही. मनाला रुचणारे संतगतीचे कोणतेही गायन-वादन चालते.

सावधगिरी

आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. तापमान ४० अंशांच्या वर गेल्यास पंख्याचा वारा शरीर अधिक तापवू शकतो. अशा वेळी ओल्या कापडाने अंग पुसावे आणि थंड जागी जावे.

तीव्र डोकेदुखी, उलट्या, असंबद्ध बोलणे, भोवळ किंवा अंग अतिशय तापणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी ‘थोडे पडून राहिले, शांत काही ऐकले की बरे वाटेल’ असे म्हणत थांबणे जिवावर बेतू शकते. रुग्णाला तत्काळ सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नये. वृद्ध, लहान मुले, गर्भवती आणि हृदयविकार असलेल्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी, सावली व वेळेवर उपचार यांना पर्याय नाही. संगीताचे स्थान त्यांच्या जोडीला आहे.